फिटची गोळी: चालते किती, टिकते किती

जळगावच्या नवी पेठेत जा की धडगावच्या बाजारात, मेडिकलच्या फळीवर फिटची म्हणून सात-आठच औषधं फिरत असतात. ब्रँडची नावं ढीगभर, पण मूळ औषधं मोजकी. एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन, टेग्रिटल म्हणजे कार्बामॅझेपिन, व्हॅल्परिन किंवा एन्कोरेट म्हणजे व्हॅल्प्रोएट, लेव्हिपिल म्हणजे लेव्हेटिरासिटॅम, लॅमिटॉर म्हणजे लॅमोट्रिजिन, फ्रिसियम म्हणजे क्लोबाझाम आणि गार्डिनल म्हणजे जुनंपानं फेनोबार्बिटोन. यातलं चांगलं कुठलं, असं विचारलं की काउंटरवर एकच उत्तर मिळतं: "डॉक्टरांनी लिहिलंय ते घ्या." उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही. या गोळ्यांची एकमेकींशी तुलना करणारे मोठे अभ्यास झालेले आहेत आणि त्यांचे निकाल साध्या भाषेत सांगता येतात. ते निकाल मे महिन्यातल्या भुसावळला आणि दिवाळीनंतरच्या अक्कलकुव्याला लावून पाहिले की चित्र थोडं बदलतं, म्हणून हा खटाटोप.

आधी एक थंड पाणी ओतणारा आकडा. ग्लासगोच्या एका क्लिनिकने २००० साली ५२५ रुग्णांचा हिशोब मांडला. त्यातल्या ज्या ४७० जणांनी आधी कधीच औषध घेतलं नव्हतं, त्यांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट पहिल्याच औषधावर थांबल्या. पहिलं चाललं नाही म्हणून दुसरं दिल्यावर आणखी १३ टक्के. तिसऱ्यावर किंवा दोन औषधं जोडून दिल्यावर जेमतेम ४ टक्के. त्याच गावचा पुढचा हिशोब २०१८ साली आला. तीस वर्षांतले १७९५ रुग्ण, दरम्यान बाजारात डझनाहून जास्त नवी औषधं आलेली, आणि फिट थांबलेल्यांचं प्रमाण तरीही ६४ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे नवी गोळी महाग आहे म्हणून फिट जास्त थांबवेल, हा समज सोडून द्यायचा. फरक आहे तो सोसण्यात.

हे मोजण्याची एक चांगली पट्टी इंग्लंडच्या सॅनॅड अभ्यासाने वापरली. गोळी किती दिवस टिकली? फिट थांबत नाहीत म्हणून बंद करावी लागली किंवा त्रास सोसवत नाही म्हणून, दोन्ही प्रकारे ती नापासच. अमुक गोळीने रक्तातली तमुक पातळी गाठली, असल्या माहितीपेक्षा ही मोजणी घरातल्या माणसाला जास्त उपयोगाची, कारण कपाटात पडून राहिलेली गोळी कितीही प्रभावी असली तरी काम करत नाही.

पण त्याआधी फिट कुठल्या जातीची हे ठरलं पाहिजे. मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी फिट वेगळी. एक हात आधी वळतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं किंवा माणूस काही क्षण शून्यात बघत ओठ चाटत राहतो. संपूर्ण मेंदूतून एकदम उठणारी फिट वेगळी. लहान मुलं वर्गात मध्येच पाच-दहा सेकंद थिजतात, ती आणखी वेगळी. सतरा-अठराच्या वयात सकाळी उठल्याउठल्या हाताला झटका बसतो, चहाचा कप उडतो, "झोप झाली नसेल" म्हणून घरचे दुर्लक्ष करतात आणि एक दिवस पूर्ण फिट येते, तीही वेगळी. हा फरक नुसता पुस्तकी नाही. या शेवटच्या दोन प्रकारांत कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन दिलं तर झटके आणि थिजणं वाढू शकतं, आणि मग "औषध लागू पडत नाही" म्हणून तेच औषध वाढवलं जातं. न्यूरोलॉजिस्टकडे जाताना मोबाइलवर फिटचा व्हिडिओ न्यावा. त्यात सुरुवात दिसली पाहिजे. चेहरा आणि दोन्ही हात फ्रेममध्ये घ्यावेत आणि पांघरूण बाजूला करावं. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, नॉर्मल आला तरी मिरगी नाही असं ठरत नाही. त्या वीस-तीस मिनिटांत मेंदूने काही दाखवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एका भागातून उठणाऱ्या फिटसाठी २००७ च्या सॅनॅडमध्ये १७२१ रुग्णांवर पाच औषधं लावून पाहिली: कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिन, ऑक्सकार्बाझेपिन, टोपिरामेट आणि गॅबापेंटिन. सगळ्यांत जास्त टिकली लॅमोट्रिजिन. २०२१ साली त्याच मंडळींनी दुसरी फेरी घेतली. या वेळी ९९० रुग्ण होते आणि लॅमोट्रिजिनसमोर लेव्हेटिरासिटॅम आणि झोनिसामाइड. बारा महिने फिटशिवाय जाण्याच्या कसोटीत लेव्हेटिरासिटॅम लॅमोट्रिजिनच्या बरोबरीचं ठरू शकलं नाही. झोनिसामाइड ठरलं. त्रासाची नोंद मात्र लॅमोट्रिजिनवर ३३ टक्के, लेव्हेटिरासिटॅमवर ४४ आणि झोनिसामाइडवर ४५ टक्के रुग्णांत झाली. दोन्ही फेऱ्यांत लॅमोट्रिजिन वर. तरीही आपल्याकडे चिठ्ठीवर पहिलं नाव बहुतेक वेळा लेव्हेटिरासिटॅमचंच दिसतं, आणि त्याला कारण आहे.

कारण आहे लॅमोट्रिजिनची चाल. ही गोळी बैलगाडीने येते. पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५० आणि त्यानंतर दर एक-दोन आठवड्यांनी वाढवत साधारण १०० ते २०० पर्यंत. लक्ष्मीपूजनाला सुरू केली तर पुरता डोस लागू व्हायला डिसेंबर उजाडतो. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर चाल आणखी निम्मी, म्हणजे पहिले दोन आठवडे एक दिवसाआड २५, कारण व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनला शरीराबाहेर जाऊ देत नाही आणि रक्तातली पातळी दुपटीवर नेतं. उलट फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन सोबत असेल तर लॅमोट्रिजिन झपाट्याने संपते आणि डोस जास्त लागतो. एवढी सावधगिरी अंगावर उठणाऱ्या पुरळासाठी. घाईने वाढवली तर साध्या पुरळापासून कातडी सोलवटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पहिल्या आठ आठवड्यांत पुरळ उठलं, सोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं. "उष्णतेने उठलं असेल" म्हणून गुलकंद आणि सब्जा देत बसायचं नाही. उन्हाळ्यात घामोळं सगळ्यांनाच येतं, त्यामुळे ही गल्लत आपल्याकडे सहज होते. घामोळं मानेवर, पाठीवर आणि कपडा घासतो तिथे बारीक दाण्यांचं असतं. त्यात ताप नसतो आणि तोंड आलेलं नसतं. तरीही खात्री डॉक्टरनेच करायची.

लॅमोट्रिजिनची दुसरी अट: सलग पाचेक दिवस चुकली तर जुना डोस एकदम सुरू करता येत नाही, पुन्हा २५ पासून. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरणाऱ्या नंदुरबारच्या कुटुंबांसाठी ही मोठीच अडचण. तिकडच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय गोळी मिळाली नाही, दहा दिवस गेले, मग परत आल्यावर २०० ची गोळी एकदम घेतली, हा पुरळाचा सरळ रस्ता आहे. अशा घरात लॅमोट्रिजिन लिहायचीच असेल तर निघण्यापूर्वी मुक्कामाच्या पूर्ण महिन्यांची गोळी हातात द्यावी. नाहीतर दुसरं औषध निवडावं.

लेव्हेटिरासिटॅमचं नेमकं उलटं. २५० किंवा ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं की लगेच कामाला लागतं. पुरळ क्वचित. यकृतावर भार नाही, बहुतांश लघवीवाटे बाहेर पडतं. क्षयाची, एचआयव्हीची, बीपीची, मधुमेहाची गोळी चालू असली तरी भांडण नाही. मूत्रपिंड अधू असेल तर तेवढा डोस कमी करायचा. जेनेरिक सगळीकडे मिळतं, जनऔषधी केंद्रातही. सोयीच्या बाबतीत याच्याजवळ कुणी येत नाही.

मग त्रासाचे ४४ टक्के येतात कुठून? स्वभावातून, बऱ्याच अंशी. माणूस चिडका होतो, रडू येतं, उदास राहतो, मुलं वस्तू फेकतात. गंमत अशी की हे रुग्णाला स्वतःला कळत नाही, बायकोला किंवा आईला कळतं, आणि त्या तपासणीच्या खोलीत बोलत नाहीत. पहिल्या महिन्यानंतरच्या भेटीत घरच्यांना वेगळं विचारावं: "पूर्वीपेक्षा जास्त चिडतात का?" आधी नैराश्य येऊन गेलेलं असेल तर हे औषध लिहिण्यापूर्वी ते सांगावं. जीव नकोसा झाल्याचं बोलणं निघालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरला गाठावं. चिडचिडीवर बी-६ ची गोळी जोडून देतात, तिचा पुरावा तोकडा आहे. ब्रिव्हारासिटॅम हे याचंच धाकटं भावंड. २०२१ मध्ये पेटंट संपल्यावर भारतात स्वस्त झालं आणि काहींना मनाला जरा हलकं पडतं. पण दोन्ही एकत्र घेण्यात फायदा नाही. तसं लिहिलेली चिठ्ठी दिसली तर विचारायला लाजू नये.

व्हॅल्प्रोएट. संपूर्ण मेंदूतून उठणाऱ्या फिटवर याच्याएवढं जोरकस औषध आजही नाही. सॅनॅडच्या पहिल्या फेरीत ते टोपिरामेटपेक्षा जास्त सोसवलं आणि लॅमोट्रिजिनपेक्षा जास्त प्रभावी ठरलं. २०२१ ला ५२० रुग्णांत लेव्हेटिरासिटॅम त्याची बरोबरी करू शकलं नाही. पुरुषांना, मुलग्यांना ते अजूनही दिलं जातं. वजन वाढतं, हात थरथरतात, केस गळतात आणि कधी कुरळे होऊन परत येतात. प्लेटलेट कमी होऊ शकतात, त्यामुळे ऑपरेशनआधी सांगायचं. दोन वर्षांखालच्या बाळात यकृताचा धोका मोठा, तिथे हात आखडता. दवाखान्यात भरती असताना मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लागलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि शांत असलेली फिट उसळते. वॉर्डातल्या डॉक्टरला व्हॅल्प्रोएट चालू असल्याचं आवर्जून सांगायचं ते यासाठी.

मुलींचं आणि बायकांचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे, आणि इथे आम्ही आवाज चढवतोच. युरॅप या आंतरराष्ट्रीय नोंदवहीने २०१८ साली गर्भातल्या मोठ्या व्यंगांचे आकडे दिले: व्हॅल्प्रोएटवर १०.३ टक्के, फेनोबार्बिटोन ६.५, फेनिटॉइन ६.४, कार्बामॅझेपिन ५.५, टोपिरामेट ३.९, लॅमोट्रिजिन २.९, लेव्हेटिरासिटॅम २.८. व्हॅल्प्रोएटमध्ये डोसाप्रमाणे धोका चढतो. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत ६.३ टक्के आणि १४५० च्या वर गेलं की २५.२, म्हणजे चारात एक. व्यंग न दिसलेल्या मुलांतही फरक राहतो. २०१३ साली आलेल्या अमेरिका-ब्रिटनच्या अभ्यासात सहाव्या वर्षी बुद्ध्यांकाची सरासरी आईच्या पोटात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांची ९७ आणि लॅमोट्रिजिन मिळालेल्यांची १०८ निघाली. हे सगळं ठाऊक असताना दहावीतल्या मुलीला व्हॅल्प्रोएट सुरू होतं आणि लग्न ठरलं की सासरी कळू नये म्हणून ते अचानक बंद होतं. त्यातून फिटवर फिट येण्याचा धोका, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. गोळी बदलायची तर लग्नाच्या किमान सहा-आठ महिने आधी, नवी पुरती चढवून मग जुनी उतरवत. ज्यांना "लग्नच मोडेल" ही भीती वाटते त्यांच्यासाठी: हिंदू विवाह कायद्यातून मिरगी हे कारण १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलेलं आहे. दिवस गेल्याचं कळल्यावर कुठलीही गोळी स्वतःहून थांबवायची नाही. लॅमोट्रिजिन असेल तर गरोदरपणात तिची पातळी निम्म्याहून खाली जाऊ शकते, म्हणून डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर लगेच परत उतरवावा लागतो. पाळणा लांबवण्याच्या बाबतीतही असंच अडतं. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि फेनोबार्बिटोन माला-एन सारख्या गोळीचा असर उडवतात. कॉपर-टीला त्यांचं काही चालत नाही. आशाताईंना ही एक ओळ सांगून ठेवावी.

आता फेनिटॉइन. १९३८ पासूनचं औषध, स्वस्त, पीएचसीपासून सगळीकडे हजर, आणि आपल्या भागात वर्षानुवर्षं चालू असलेल्या चिठ्ठ्यांत याचाच भरणा. फिट थांबवण्यात कमी नाही. बिघडतं ते हिशोबात. इतर बहुतेक औषधं डोस वाढवला त्या प्रमाणात रक्तात वाढतात. फेनिटॉइनचं तसं नाही, कारण त्याला मोडणारी यकृतातली यंत्रणा एका मर्यादेनंतर तुंबते. समजा एखाद्याचं यकृत दिवसाला जास्तीत जास्त ४५० मिलिग्रॅम मोडू शकतं आणि ३०० वर त्याची पातळी १० आहे. ३५० केलं तर पातळी साडेसतरा होते, १० ते २० या हव्या त्या पट्ट्यात. ४०० केलं तर? सरळ हिशोबाने १३-१४ यायला हवी होती. येते ४० च्या घरात. माणूस दारू प्यायल्यासारखा डुलतो, डोळे आडवे थरथरतात, जीभ जड होते, आणि गावात "औषधाने वेडा केला" अशी हाकाटी होते. दोष औषधाचा कमी आणि शंभराची अख्खी गोळी वाढवण्याचा जास्त. या पट्ट्यात वाढ २५ ते ५० चीच करायची. त्यासाठी ५० ची गोळी मिळते.

सातपुड्यात याला आणखी एक पदर आहे. कुपोषित माणसाच्या रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असतं, आणि फेनिटॉइनचा बहुतांश भाग एरवी त्यालाच चिकटून निष्क्रिय पडलेला असतो. अल्ब्युमिन घटलं की मोकळं औषध वाढतं. लॅबच्या रिपोर्टात एकूण पातळी १२, म्हणजे अगदी शहाणी, आणि रुग्ण भिंत धरून चालतोय. अशा वेळी रिपोर्टापेक्षा चाल खरी मानायची आणि सोबत अल्ब्युमिन तपासायचं. क्षयाच्या औषधांतलं आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन दोन्हींची पातळी वर ढकलतं, रिफाम्पिसिन फेनिटॉइनची खाली ओढतं. दोन्ही एकत्र चालू असताना काय होईल हे अंदाजाने नाही, पातळी मोजूनच ठरवायचं. डोक्यात जंताची गाठ निघाली, जी आपल्या देशात फिटच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि अल्बेंडाझोल दिलं, तर फेनिटॉइन नि कार्बामॅझेपिन त्याचीही ताकद कमी करतात. वर्षांनंतर दिसणारं भाडं वेगळंच: हिरड्या सुजून दातांवर चढतात, चेहरा राठ होतो, हाडं ठिसूळ होतात. दोन वेळा दात घासणारा आणि वर्षाला दाताच्या डॉक्टरकडे जाणारा हिरड्यांच्या त्रासातून बराच सुटतो. नव्याने सुरू करायला, विशेषतः तरुण मुलीला, आम्ही याला मत देणार नाही. पण ज्याला पंधरा वर्षं काहीही त्रास नाही आणि फिटही नाही, त्याचं बदलायची घाईसुद्धा करणार नाही.

कार्बामॅझेपिन हे एका भागातून उठणाऱ्या फिटसाठी अजूनही पैसा वसूल. १०० मिलिग्रॅम दोनदा सुरू करून आठवड्याआठवड्याने वाढवतात. गोम अशी की हे औषध स्वतःलाच मोडणारी यंत्रणा जोरात चालू करतं. पहिले पंधरा दिवस छान जातात आणि महिन्याभराने त्याच डोसावर फिट परत येते. औषध "सवयीचं झालं" असं नाही, डोस पुन्हा चढवायचा असतो. एकाचे दोन दिसणं ही डोस जास्त झाल्याची पहिली खूण, बहुधा गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत. सीआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, गोळीने ती कमी होते. ती चावून किंवा कुटून घ्यायची नाही. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन लिहिलं तर पातळी चढते. म्हाताऱ्या माणसात, त्यातही बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर, सोडियम उतरतं. गुंगी आणि बरळणं दिसलं की रक्त तपासायचं. ऑक्सकार्बाझेपिनमध्ये हे जास्तच. पुरळाचा धोका इथेही, आणि तो एचएलए-बी १५०२ या जनुकाशी जोडलेला. अमेरिकेच्या औषध खात्याने २००७ साली आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी तपासणी सुचवली.

फेनोबार्बिटोनला नाकं मुरडली जातात. १९१२ पासूनचं, सर्वांत स्वस्त, रात्री एकदाच, शरीरात दिवसेंदिवस टिकणारं. गुंगी येते, लहान मुलं उलट भडकतात, अशी त्याची ख्याती. १९९८ साली पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या ९४ मुलांवर फेनिटॉइनशी समोरासमोर तुलना झाली, तेव्हा वागण्यातला त्रास जास्त निघाला नाही आणि फिटवर दोन्ही सारखेच. एकदाच घ्यायची आणि एखादा दिवस चुकली तरी लगेच न पडणारी गोळी, ही दूरच्या पाड्यासाठी छोटी गोष्ट नव्हे. पण एकदम बंद केली तर जीवघेणी.

उन्हाळा. टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही दोन औषधं इंग्लंडच्या तक्त्यात जशी दिसतात तशी जळगावात दिसणार नाहीत, कारण दोन्ही घाम कमी करतात, मुलांत जास्त. पारा ४५ ला टेकलेला, केळीच्या बागेत पाणी भरणारा पंधरा वर्षांचा पोरगा, चेहरा लाल, अंग तापलेलं आणि काख कोरडी. हा साधा ताप नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाहीये. सावलीत आणा, ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला, शुद्धीत असेल तर पाणी पाजा आणि दवाखाना गाठा. शिवाय तापलेल्या अंगानेच फिट उसळते, आणि मग गोळी कमी पडली म्हणून तीच वाढवली जाण्याचा धोका. या दोन्हींनी मुतखडाही होतो. त्यामुळे ज्याला आधी खडा होऊन गेलाय त्याला देऊच नये असं आमचं मत. इतरांनी उन्हाळाभर लघवी पाण्यासारखी फिकट राहील इतकं पाणी प्यावं. टोपिरामेटने शब्द ओठांवर येऊन अडकतात. विद्यार्थ्याला आणि दुकानदाराला हे नडतं. वजन उतरतं, ते कुणाला आवडतंही.

साठवणीत दोन चुका होतात. पत्र्याच्या घरात खिडकीच्या फळीवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत गोळ्या भाजतात. आणि गारवा हवा म्हणून माठाशेजारी ठेवल्या तर ओल धरतात. कार्बामॅझेपिनची गोळी दमट हवेत कडक होऊन तिची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटू शकते, आणि वरून काही कळत नाही. व्हॅल्प्रोएट हवेतलं पाणी ओढून चिकट होतं, म्हणून आठवड्याच्या डबीत काढून ठेवायचं नाही, पट्टीतूनच घ्यायचं. धान्याच्या खोलीतली भिंतीतली कपाटं सहसा सर्वांत बरी.

ब्रँड बदलण्याबद्दल. २०१६ साली लॅमोट्रिजिनच्या दोन जेनेरिक गोळ्या मिरगीच्या रुग्णांतच अदलाबदल करून पाहिल्या, रक्तातली पातळी सारखी राहिली. तेव्हा जेनेरिक म्हणजे हलका माल, असं नाही. तरी फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनमध्ये कंपनी दर महिन्याला बदलू नये. सीआर किंवा क्रोनो (हीही औषध हळूहळू सोडणारीच) गोळीच्या जागी साधी गोळी तर मुळीच घेऊ नये. मेडिकलमधून घरी निघण्यापूर्वी पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुन्या पट्टीशी ताडून घ्यावेत.

गोळी चुकण्याचे दिवसही ठरलेले असतात. श्रावणात कानबाईचं रात्रभराचं जागरण, चैत्रात सप्तशृंगगडाची पायी वारी, लग्नसराईतले रात्रीचे प्रवास. झोप मोडली की फिट येऊ शकते, त्यात गोळीही राहिली तर धोका आणखी वाढतो. आठवेल तेव्हा चुकलेली गोळी घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. उपवासाला पाण्याच्या घोटाबरोबर गोळी चालते. रोज रात्री "गोयी लिधी का?" एवढं विचारणारं घरात कुणी असलं तर मोबाइलच्या गजरापेक्षा ते भारी.

फिट चालू असताना कांदा, चप्पल, तोंडात चमचा यांतलं काहीही नको. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मिडाझोलामचा स्प्रे. किलोला ०.२ मिलिग्रॅम हा हिशोब, आणि वेगवेगळ्या बाटल्यांत एका पफमध्ये वेगवेगळी मात्रा असते, म्हणून किती पफ हे डॉक्टरकडून बाटलीवरच लिहून घ्यावं. दवाखान्यात पुढे शिरेतून कुठलं औषध, यावर नातेवाइकांनी वाद घालण्यात अर्थ नाही. २०१९ च्या ३८४ रुग्णांच्या अभ्यासात लेव्हेटिरासिटॅम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट तिघांनीही जवळपास निम्म्याच जणांची फिट थांबवली.

नीट निवडलेली, पुऱ्या डोसात घेतलेली दोन औषधं अपयशी ठरली की तिसरं-चौथं चाखत वर्षं घालवू नयेत. दिल्लीच्या एम्समध्ये अशा ११६ मुलांवर अभ्यास झाला, २०१७ साली निकाल आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत वर्षभराने ७७ टक्के फिटमुक्त, नुसत्या औषधांवरच्या गटात ७ टक्के. सगळ्यांना ऑपरेशन लागू पडत नाही, पण विचारणा तरी व्हावी.

आणि बंद कधी? ब्रिटनमध्ये दोन वर्षं फिट नसलेल्या १०१३ जणांना दोन गटांत विभागून पाहिलं, १९९१ साली आकडे आले. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के पुढची दोन वर्षं फिटशिवाय राहिले, हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के. म्हणजे बंद करूनही निम्म्याहून जास्त जणांचं भागलं, आणि चालू ठेवूनही पाचात एकाला आलीच. निर्णय ज्याचा त्याचा, डॉक्टरसोबत. उतरवणी महिनोन्‌महिने चालते, फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझामची सर्वांत सावकाश. त्या काळात आणि शेवटच्या गोळीनंतरचे सहा महिने ट्रॅक्टरचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, विहिरीवरची मोटार चालू करायला दुसरं माणूस, आणि आंघोळ नदीवर नाही, घरी बादलीने, कडी न लावता.